घरात पडून असलेले कापड

शिवणाच्या बाईंच्या पुढल्या खोलीत पाहुण्याला बसायला एकच खुर्ची आहे, आणि तिच्यावरही बहुधा इस्त्री केलेल्या कापडाची चळत असते. उरलेली सारी जागा एका लांबरुंद फळीने व्यापली आहे. फळीच्या एका टोकाला पायमशीन, दुसऱ्या टोकाला इस्त्री, खिडकीशी काचेच्या बरण्यांत रंगवार लावलेली रिळे, आणि भिंतीवर चढत्या आकाराने टांगलेल्या पाच कात्र्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या कात्रीने कागद कापण्याचे धाडस या घरात आजवर एकानेच केले, ते बाईंच्या यजमानांनी, लग्नाच्या पहिल्या वर्षी. त्या प्रसंगाचा उल्लेख ते आजही आवाज खाली करूनच करतात.

बत्तीस वर्षे बाईंनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवले. निवृत्तीला पंधरा वर्षे लोटली, तरी गल्लीत त्या बाईच राहिल्या. त्यांच्या वर्गाचा एक दंडक होता. मुलीने शिवून आणलेली वस्तू त्या प्रथम उलटी करून पाहत. सुलट बाजू लोकांसाठी असते, उलटी आपल्यासाठी, असे त्या म्हणत; आणि गाठी, सुटे दोरे, घाईने घातलेले टाके यांची झडती झाल्यावरच ती वस्तू सुलट होई. त्या शिस्तीतून गेलेल्या कित्येकजणी आता स्वतः आज्या झाल्या आहेत. रस्त्यात बाई समोरून येताना दिसल्या, की त्यांचा हात अजूनही नकळत बाहीच्या उसवलेल्या शिवणीवर जातो.

यजमान घड्याळजी. चाळीस वर्षे डोळ्याला भिंग लावून त्यांनी इतरांचा वेळ दुरुस्त केला आणि स्वतः प्रत्येक ठिकाणी अर्धा तास उशिरा पोचले. दुकान विकल्यावर भिंग तेवढे घरी आणले. बाईंच्या बारीक सुयांत दोरा ओवण्याचे काम हल्ली त्यांच्याकडे आहे.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दूरगावची लहान मुले महिनोन् महिने उपचार घेतात. त्यांच्या आईबापांना पाठ टेकायला कुठे जागा नसे. म्हणून काही सज्जनांनी मिळून आवाराच्या मागच्या अंगाला सहा खाटांची एक खोली चालवायला घेतली. तिचे भाडे, वीज, साबण, दूध यांसाठी दरवर्षी एक विक्रीमेळा भरतो, आणि मेळ्याच्या अखेरीस एका गोधडीची सोडत निघते. चौदा वर्षे ती गोधडी बाईंच्या फळीवरून गेली.

पहिल्या वर्षी कापड खरोखरच घरात होते. शाळेच्या शिवणाच्या कपाटात साठलेले तुकडे नव्या शिक्षिकेला नकोसे झाले, ते बाईंनी पिशव्या भरून आणले होते. गोधडी पाहून संस्थेच्या चिटणीसांनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या सरांनी, सहज विचारले, "कापडाला किती खर्च आला, बाई?"

"छे हो, घरातच पडून होतं."

हे उत्तर त्या वर्षी पूर्ण सत्य होते. दुसऱ्या वर्षी ते अर्धे सत्य होते. तिसऱ्या वर्षापासून त्यात सत्याचा धागाही उरला नाही, परंतु उत्तर तेच राहिले. बाई बाजारात जाऊन ठाणातून नवे कापड फाडून आणत. नवे कापड शिवण्यापूर्वी धुवावेच लागते, कारण न आटलेला तुकडा गोधडीत गेला तर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी आक्रसते. बाई मात्र एका धुण्यावर थांबत नसत. सोड्याच्या पाण्यात चार वेळा भिजवणे, प्रत्येक वेळी उलटे करून कडक उन्हात वाळवणे, हाताने चोळून खळ पुरती काढणे, असा त्यांचा विधी होता. चौथ्या उन्हानंतर कापडाचा रंग असा काही निवे, की पाहणाऱ्याला ते दहा वर्षे कपाटात घडी होऊन पडले असावे असे वाटे.

दोरीवर कापड वाळत घालताना यजमान एकदा म्हणाले, "मला इतकं जुनं करायला तुला सेहेचाळीस वर्षं लागली. कापडाचं चार धुण्यांत उरकतेस."

"कापड उलट बोलत नाही," बाई म्हणाल्या.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. दिलेल्याचा उच्चार केला की देणे उणावते, ही श्रद्धा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या रुजलेली आहे, आणि बाईंच्या ठायी ती इतकी स्वाभाविक होती की त्यांनी तिला कधी श्रद्धा म्हटलेही नसते. कोणी किंमत विचारली की त्यांना संकोच वाटे, एवढेच त्या जाणत.

या कामात त्यांच्या दोन सहकारिणी. एक गादीवाल्या वहिनी. गाद्यांचे दुकान आता मुलगा पाहतो, वहिनी गल्ल्याशी बसून त्याला पाहतात. दुसऱ्या नर्सताई, ज्यांनी आयुष्यातली तीस वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डांत उभ्याने काढली आणि ज्या अजूनही कोणाच्या घरी गेल्या की बोलता बोलता समोरच्याची नाडी धरतात. गोधडीचे थर तीन, तशी वाटणी तीन. वरचे तुकडे जोडलेले कापड बाईंचे, मधला पिंजलेला कापूस वहिनींचा, खालचे अस्तर नर्सताईंचे. प्रत्येकीने आपापला थर तयार करून आणायचा आणि ठरल्या दिवशी बाईंच्या फळीवर तिन्ही थर एकावर एक लावायचे. वहिनी म्हणत, कापूस जुन्या गाद्या उसवताना निघतो. नर्सताई म्हणत, कपाटभर जुन्या चादरी आहेत, करायच्या काय. तिघींत एक अलिखित संकेत होता: कोणी कोणाला 'कुठून आणलंस' असे विचारायचे नाही. विचारले की उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर देणे कोणालाच सोयीचे नव्हते. अर्थात ही शेवटची गोष्ट प्रत्येकीला फक्त स्वतःपुरती ठाऊक होती.

यंदा सर स्वतः घरी आले. खुर्चीवरची चळत मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "बाई, यंदा पाच हव्यात."

"पाच काय?"

"गोधड्या. दुसरी खोली मिळतेय. एका सोडतीनं भागायचं नाही. आणि तुमचं सगळं घरचंच. खर्च शून्य, येईल ते सगळं मुलांना. असं काम शोधून सापडायचं नाही."

बाईंनी त्याच दिवशी दोघींना विचारले. वहिनी म्हणाल्या, "पाच तर पाच." नर्सताई म्हणाल्या, "त्यात काय मोठंसं." दोघींनी क्षणाचाही विलंब लावला नाही, हे पाहून बाईंना माघार घेणे अशक्य झाले.

एका गोधडीच्या कापडाला त्यांच्या निवृत्तिवेतनाचा चौथा हिस्सा लागे. वर्षातून एकदा तेवढी ओढ त्या सोसत आल्या होत्या. पाच गोधड्या म्हणजे सवा महिन्याचे वेतन. तेवढे पैसे घरात एकाच ठिकाणी होते: कपाटातल्या एका पाकिटात, डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, पण डावा पुरता पिकला होता. आणखी वर्षभर ताणलेत तर काम अवघड होईल, बारीक शिवण कदाचित कायमचे सुटेल, असे डॉक्टरांनी बजावून तारीख दिली होती. बाईंनी फोन करून ती तारीख पुढच्या वर्षावर ढकलली, आणि पाकीट घेऊन बाजारात गेल्या.

न्हाणीघरात पाच बादल्या एकदम भिजलेल्या पाहून यजमानांना उलगडा झाला.

"हे डोळ्याचे पैसे ना?"

"डोळा कुठं पळून जातोय का?"

"डोळा नाही पळत, नजर पळते. सुईत दोरा कोण ओवतं हल्ली तुझ्या?"

"तुम्ही. तेवढ्यासाठीच ठेवलंय तुम्हाला."

"मी सरांशी बोलतो."

"बोललात तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"ही धमकी समजू की बक्षीस?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बादलीतले कापड पिळले, दोरीवर उलटे घातले आणि कडा जुळवण्यासाठी डोळा इतका जवळ नेला की नाक ओले झाले. यजमान ते पाहत उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी काही थट्टा केली नाही, आणि ही त्यांच्या घरात काळजी करण्यासारखी गोष्ट होती.

थर लावण्याचा दिवस आला. फळीवर पहिल्या गोधडीचे अस्तर उलटे अंथरले गेले. त्यावर कापूस पसरायचा, त्यावर बाईंचे कापड, आणि मग तिन्ही थर हलू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालायचे, असा क्रम. यजमान भिंग लावून सुया ओवत होते. अस्तराचा एक कोपरा दुमडला, तो सरळ करायला ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"नर्सताई, ही चादर किती जुनी म्हणालात?"

"अहो, मी नोकरीला होते तेव्हाची. वीस-बावीस वर्षं सहज झाली असतील."

"मग गिरणीवाले मोठे दूरदर्शी. यंदाचं साल त्यांनी तेव्हाच छापून ठेवलंय."

काठावर, फिकट झालेल्या निळ्या शाईत, गिरणीचा शिक्का होता.  नर्सताईंनी भिंग मागून घेतले, शिक्का वाचला आणि हताश होऊन म्हणाल्या, "चार वेळा धुतली मेली."

बाईंनी मान वर केली. "चार वेळा? सोड्यात?"

"सोड्यात."

"ऊन?"

"उलटं घालून दिलं. रंग लवकर उतरतो त्यानं." एवढे बोलल्यावर नर्सताईंना आपण काय कबूल केले ते समजले.

तेवढ्यात वहिनींना हसू फुटले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले, पण खांदे हलू लागले आणि त्या कापसाच्या ढिगावरच बसल्या. बाईंनी ढिगातून चिमूटभर कापूस उचलला आणि दोन बोटांत धरून ओढला. धागा लांब निघाला, शुभ्र, कस्पटाशिवाय.

"वहिनी, हा जुन्या गादीतला?"

"वरची मूठ जुन्यातली," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मळकट दिसावा म्हणून भुरभुरवते. खालचा नव्या गठ्ठ्यातला. दरवर्षी स्वतःच्या पैशानं घेते दुकानातून. यंदा पाचांसाठी हातात तेवढे नव्हते, म्हणून निम्मा तसाच काढला. पोरगा विचारतोय, आई, गठ्ठा वजनात कमी कसा भरतो. म्हटलं, सुकतो बाबा हवेनं."

"आणि पाच म्हटल्यावर 'पाच तर पाच' कशाला म्हणालात?"

"तुमचं कापड घरचं, यांच्या चादरी घरच्या. मी एकटीच रडतराऊत ठरले असते."

"मीही तेच समजत होते," नर्सताई म्हणाल्या. मग दोघींचीही नजर एकाच वेळी फळीवरच्या तिसऱ्या थराकडे वळली. "बाई, तुमचं कापड?"

"माझं... घरातलंच आहे."

यजमान खोकले.

"तुम्ही खोकल्याचं औषध घ्या," बाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या.

"औषधाला पैसे कुठले? डोळ्याच्या पैशांचं कापड आलंय."

आता हसणे थांबले. नर्सताई बाईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज वॉर्डातला झाला. "तारीख कधीची होती?"

"गेल्या मंगळवारची."

"आणि आता?"

"पुढच्या वर्षी."

नर्सताईंनी बाईंच्या हातातली सुई काढून घेतली आणि सुयांच्या उशीत खोचून ठेवली. बत्तीस वर्षे इतरांच्या हातांतली चुकीची सुई काढून घेणाऱ्या बाईंनी ती मुकाट्याने दिली.

त्या दुपारी टाके पडले नाहीत, चहा मात्र दोनदा झाला. सरांना सांगावे, असे दोघींचे मत पडले. बाईंना ते पटेना. "चौदा वर्षं घरचं घरचं म्हणून सांगितलं. आता तोंड उघडायचं म्हणजे चौदा वर्षांचं बिल पाठवल्यासारखं दिसतं."

"चौदा वर्षांचं नको पाठवायला. यंदाचं सांगू," नर्सताई म्हणाल्या. "आणि बाई, डोळ्यावर हात ठेवून तुम्ही शिवणार किती वर्षं? हे एक वर्ष, की पुढची दहा?"

या प्रश्नापुढे बाईंचा संकोच हळूहळू सैलावला. त्यात अहंकाराचाही एक बारीक धागा असेल, असे त्यांना त्या दिवशी प्रथमच वाटून गेले. आपण द्यायचे आणि दुसऱ्याला कळूही द्यायचे नाही, यात दुसऱ्याचा विचार किती आणि स्वतःच्या निर्मळपणाचा विचार किती? आणि तिघींनीही मौन पाळले म्हणूनच तर तिघींना एकमेकींच्या मौनाने कोंडीत धरले होते.

संस्थेची कचेरी रुग्णालयाच्या औषधभांडाराला लागून होती. सर सोडतीच्या तिकिटांचा नमुना तपासत बसले होते. तिकिटावर ठळक अक्षरांत छापले होते: वापरलेल्या कापडातून, विनाखर्च. बाईंनी ते वाचले, घसा साफ केला, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात एका गोधडीला किती कापड लागते, किती कापूस, किती अस्तर, आणि त्या प्रत्येकाला काय पडते, ते सांगून टाकले.

सरांनी चष्मा काढून ठेवला. "मी हे विनाखर्च चौदा वर्षं माईकवरून सांगतोय."

"ऐकलंय की आम्ही," वहिनी म्हणाल्या. "टाळ्याही वाजवल्यात."

"खर्च सोडतीच्या पैशांतून वजा करू. सरळ गोष्ट आहे."

"ते नको," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी गोधडी द्यायला आले तेव्हा त्या खोलीत एक गृहस्थ बसल्या बसल्या झोपले होते. खाट रिकामी होती. पायाला चिखल आहे, चादर खराब होईल म्हणून आडवे झाले नव्हते. लोकांनी तिकीट घेतलं ते त्यांच्यासाठी. ते पैसे आमच्या कापडाला लागू नयेत."

 टेबलावरची तिकिटे एका बाजूला सारून सर म्हणाले, "बाई, मला शिवता येत नाही. सदऱ्याचं बटण तुटलं तर मी सदरा बदलतो. चौदा वर्षं या मेळ्यात मी खुर्च्या मांडतो आणि खुर्च्या उचलतो. एका गोधडीचा खर्च मला घेऊ द्या."

"तुम्ही कशाला?"

"तुम्ही कशाला घेत होतात?"



आठवडाभरात आणखी चौघे पुढे आले: रुग्णालयाचा लिफ्टवाला, औषधांच्या दुकानातल्या ताई, आवाराबाहेरचा न्हावी आणि रखवालदार. कोणालाच सुई धरता येत नव्हती, आणि मेळ्याला आपण कशाने उपयोगी पडावे हे इतकी वर्षे त्यांना कळले नव्हते. न्हावी तर किंचित रागावूनच म्हणाला, "सांगायचं नाही का आधी? आम्हाला वाटायचं, तुमच्याकडे कापडाची खाण आहे." रखवालदाराने तीन हप्ते मागितले, ते सरांनी मान्य केले. वहिनींच्या मुलाला गठ्ठ्याचे वजन कोठे जाते हे समजले. त्याने कापूस खरेदीच्या भावात द्यायचे कबूल केले, आणि आईला गल्ल्याशी बसवायचे की नाही याचा फेरविचार करीन अशी तंबीही दिली.

पाचाऐवजी तीनच गोधड्या करायच्या, हे बाईंनी ठरवले. पैसा मिळाला तरी हात सहाच आहेत, असे त्या म्हणाल्या. उरलेल्या दोन गोधड्यांचे कापड दुकानदाराकडे परत करता येईना, कारण चार वेळा धुतलेले कापड कोण परत घेणार? त्याची किंमतही त्या पाचजणांनी पुढच्या वर्षासाठी आधीच देऊन टाकली. सर पाकीट घेऊन आले, तेव्हा बाईंचे दोन्ही हात पाठीमागे गेले. आयुष्यभर देण्याची सवय झालेल्या हातांना घेणे जड जाते. पाकीट शेवटी यजमानांनी घेतले आणि मोजून न पाहता कपाटात ठेवले. ते दोन गोधड्यांचे कापड आता त्याच कपाटात आहे. कोणी विचारले, तर ते घरात पडून आहे असे बाईंना निर्धास्तपणे सांगता येते.

शस्त्रक्रियेची नवी तारीख नर्सताईंनी आपल्या जुन्या ओळखीतून महिन्याच्या आत मिळवली, आणि बाईंच्या सोबत त्याच आत गेल्या. यजमान त्या दिवशी वेळेवर पोचले. नंतरचे पंधरा दिवस बाई खुर्चीवर बसून राहिल्या, डाव्या डोळ्यावर पट्टी, हातात काही नाही. समोर फळीशी वहिनी आणि नर्सताई शिवत. बाईंना स्वस्थ बसणे अवघड होते.

"वहिनी, टाका लांब पडतोय."

"तुम्हाला दिसतंय होय?"

"दोरा ओढल्याचा आवाज लांब येतोय."

"ही पट्टी कानांना बांधायला हवी होती," वहिनी नर्सताईंना म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात पट्टीची गरज संपली. बाई उठून फळीशी आल्या, उजवा डोळा हाताने झाकला आणि गोधडीकडे पाहू लागल्या. ज्या तुकड्यांना बाजारातून आणल्यापासून त्या साईच्या रंगाचे समजत होत्या ते पांढरे होते. करडे वाटलेले तुकडे निळे निघाले. त्यांनी ते एकेक बोट लावून तपासले, वहिनींच्या ओळी पाहिल्या, नर्सताईंच्या पाहिल्या, आणि समाधानाने मान हलवली. मग हात एका ठिकाणी थांबला.

"ही ओळ कुणी घातली? तिरकी गेलीय."

वहिनींनी नर्सताईंकडे पाहिले.

"सांगा ना. मी रागावत नाही."

"तुमचीच आहे ती, बाई," नर्सताई हळूच म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात घातलीत."

बाईंनी उजवा डोळा उघडून डावा झाकला, मग डावा उघडून उजवा झाकला. "खरंच की," त्या म्हणाल्या.

"राहू दे ना," यजमान म्हणाले. "कोण बघतंय तिथं?"

"मी बघतेय," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची फळीजवळ ओढली, सुईच्या टोकाने पहिला टाका उचलला, आणि आपली ओळ स्वतःच उसवायला बसल्या.